चित्राचे कूळ आणि चित्राचे मूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये असे मराठीत म्हटले जाते; जुन्या निसर्गचित्राच्या बाबतीत मात्र कूळही शोधावे लागते आणि मूळही, आणि दोन्हींचा शोध एकमेकांत मिसळू न देता घ्यावा लागतो. चित्रात दिसणारा डोंगर कोणत्या मुलखातला, ते चित्र प्रत्यक्षात रंगवले गेले कोठे, आणि रंगवणारा हात कोणत्या परंपरेत तयार झाला, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. परंतु चित्राचा मालक, दुकानदार आणि पुष्कळदा जाणकार म्हणवणारेही ते एकच समजतात व तेथेच पहिली चूक होते. मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्याने छापील चित्रावरून एखादे युरोपीय सरोवर रंगवलेले असू शकते, लंडनच्या कारागिराने बोरघाट कधीही न पाहता तो तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला असू शकतो, आणि चीनमधील कँटन बंदराचे तैलचित्र चिनी चित्रकाराने युरोपीय पद्धतीने रंगवून मुंबईच्या व्यापाऱ्याला विकलेले असू शकते.

भिवंडीसारख्या गावात हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही. कामवारी नदी आणि उल्हासची खाडी यांच्यामुळे भिवंडीचा मुंबई, ठाणे, कल्याण व वसई यांच्याशी जलमार्गाने जुना व्यापार होता, आणि अशा व्यापारी गावांतील वाड्यांमधून काचेच्या हंड्या व बिलोरी आरसे यांच्याबरोबर चित्रेही येत असत. शिवाय भिवंडी हे मागांचे गाव असल्यामुळे भिवंडीकरांच्या हाती एक असे कसब आहे की ज्याचा चित्र ओळखण्याशी संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही, आणि ते म्हणजे कापड वाचण्याचे. जुन्या तैलचित्राची तपासणी चित्राच्या तोंडापासून नव्हे, तर पाठीपासून सुरू करावी लागते, आणि पाठ म्हणजे कापड.

तैलचित्र ज्या कापडावर रंगवतात त्याला कॅनव्हास म्हणतात. युरोपात तो बहुधा जवसाच्या झाडाच्या वाखापासून, म्हणजे लिननचा विणलेला असे. कापसाचा कॅनव्हास पुढे स्वस्त पर्याय म्हणून रुळला. गंमत अशी की ज्या जवसाची चटणी मराठी ताटात वाढली जाते त्याच्याच वाखाचे कापड आणि त्याच्याच बियांचे तेल या दोन गोष्टींवर युरोपीय तैलचित्रकलेचा बराचसा डोलारा उभा आहे, कारण जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते आणि रंगाची पूड त्यात कायमची अडकून बसते. लिननचा धागा मूळचाच गाठाळ व कमीजास्त जाडीचा असतो, कापसाचा धागा तुलनेने एकसारखा व मऊ असतो. हातमागावरच्या कापडात बाण्याची ठोक कोठे घट्ट तर कोठे सैल पडते, यंत्रमागावर ती सारखी पडते. पिक ग्लास, म्हणजे ठरावीक मापाच्या खिडकीतून ताणा आणि बाणा यांचे धागे मोजण्याचे जे लहान भिंग कापडाच्या धंद्यात वापरले जाते, ते चित्राच्या पाठीवर ठेवले तर कापडाचा वाण लगेच समजतो. हाच विचार पुढे नेऊन अभ्यासकांनी व्हॅन गॉग या डच चित्रकाराच्या कॅनव्हासांच्या क्ष-किरण प्रतिमा घेतल्या, संगणकाकडून धागे मोजून घेतले आणि कोणकोणती चित्रे एकाच ताग्यातून कापलेल्या तुकड्यांवर रंगवलेली आहेत हे ठरवले. कारण प्रत्येक ताग्यात धाग्यांच्या दाटीचा चढउतार वेगळा असतो आणि बोटांच्या ठशांइतकाच तो बोलका असतो.

पाठीवर कापडाखेरीज आणखी पुष्कळ काही वाचता येते. कॅनव्हास ज्या लाकडी चौकटीवर ताणून बसवतात तिच्या कोपऱ्यांत लहान पाचरी ठोकलेल्या असतील तर ती चौकट कापड सैल पडल्यावर पुन्हा ताणता येण्याजोगी असते. ही सोय अठराव्या शतकाच्या मध्यानंतर रूढ झाली. चौकटीचे लाकूड पाइनचे असेल तर कल परदेशाकडे जातो, सागाचे असेल तर ती चौकट इकडच्या सुताराने केलेली असण्याचा संभव वाढतो. अर्थात चित्र तिकडचे आणि चौकट नंतर इकडे बदललेली, असेही घडते. कडेला हाताने ठोकलेल्या चुका आहेत की तारेच्या पिना, हेही पाहावे, कारण पिना ठोकण्याची रीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली आहे. ताण देताना जेथे चुका ठोकल्या तेथे कापडाचे धागे ओढले जाऊन कडेला लहान लहान कमानी तयार होतात. चारही बाजूंना अशा कमानी दिसल्या तर चित्र मूळ आकारात आहे, आणि एखाद्या बाजूला त्या नसल्या तर ती बाजू कधीतरी कापली गेली असावी असे मानायला जागा राहते. कापडावर रंगसाहित्य विकणाऱ्या कंपनीचा शिक्का असेल तर तो फार मोलाचा, कारण रीव्हज किंवा विन्सर अँड न्यूटन यांसारख्या लंडनच्या पेढ्यांचे पत्ते आणि शिक्क्यांची धाटणी काळानुसार बदलत गेली. विन्सर अँड न्यूटनची स्थापना १८३२ ची, तेव्हा तिचा शिक्का असलेले कापड त्याआधीचे असू शकत नाही, एवढे तर कोणालाही सांगता येईल.

चित्र कागदावर असेल तर कागद उजेडासमोर धरावा. कागद तयार होतानाच त्यात उमटवलेली पुसट खूण, जिला जलचिन्ह म्हणतात, ती अशा वेळी दिसते. जलरंगासाठी इंग्रज चित्रकारांचा आवडता व्हॉटमन कागद भारतात सर्रास येई, आणि १७९४ पासून त्याच्या जलचिन्हात पुष्कळदा सालही असे. हे साल कागदाचे असते, चित्राचे नव्हे. चित्र त्याच्या आधीचे नाही एवढेच त्यावरून सिद्ध होते, आणि तेवढेही पुष्कळ असते.

कागदाच्या चित्राविषयी आणखी एक शंका आधीच फेडून घ्यावी लागते, ती म्हणजे ते चित्र आहे की छाप. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्राच्या चारही बाजूंना पत्र्याच्या दाबाची बुडालेली चौकट उमटते आणि भिंगाखाली रंगाच्या थराऐवजी बारीक जाळीदार कण दिसतात, कारण पत्र्यावर राळेची भुकटी पसरून आम्लाने तो खाऊ घालण्याच्या त्या पद्धतीत छटा अशाच कणांतून तयार होत असत. पश्चिम भारताची अशी छापील दृश्ये विपुल आहेत. रॉबर्ट मेलव्हिल ग्रिंडले या कंपनी सरकारच्या लष्करी अधिकाऱ्याचा पश्चिम भारतातील दृश्ये, वेशभूषा व वास्तू यांवरील संग्रह १८२६ ते १८३० या काळात लंडनमध्ये निघाला व त्यात ग्रिंडलेखेरीज विल्यम वेस्टॉलसारख्यांची चित्रेही घेतलेली होती. तर जोजे एम. गोन्साल्विस याची मुंबईची शिळाछाप दृश्ये १८२६ च्या सुमारास मुंबईतच छापली गेली. विषय एकाच मुलखाचा, काळही एकच, परंतु एकाचे मूळ लंडन आणि दुसऱ्याचे मुंबई. वाड्यांतून आढळणारी चकचकीत, तेलकट तकाकीची ‘तैलचित्रे’ तर पुष्कळदा ओलिओग्राफ, म्हणजे अनेक दगडांवरून एकावर एक रंग छापून वर रोगण चढवलेले व कधीकधी कापडाच्या पोताचा दाब दिलेले छाप असतात. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्याच्या देवदेवता सर्वांना ठाऊक आहेत, पण जर्मनीत छापलेली तळी आणि हिमशिखरेही त्याच बाजारात विकली जात असत.

पाठ वाचून झाल्यावर चित्राच्या तोंडाकडे वळावे, आणि तेव्हाही प्रथम शैलीकडे न पाहता भूगोलाकडे पाहावे. सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला असल्यामुळे त्याचे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे, सपाट माथ्याचे आणि मध्येच ताठ सुळके काढणारे असतात. हिमालयाची किंवा आल्प्सची करवती शिखरे या मुलखात नाहीत. भिवंडीहून ईशान्येकडे पाहिल्यास माहुलीच्या सुळक्यांची रांग, दक्षिणेच्या अंगाला मलंगगडाचा उभा कडा आणि त्यापलीकडे माथेरानचा सपाट माथा, वायव्येला तुंगारेश्वराचा डोंगर असे क्षितिज आहे, आणि ज्याने ते पाहिले आहे त्याला काळवंडलेल्या चित्रातही ते ओळखता येईल. मुंबई बंदराच्या जुन्या दृश्यांत कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका हीच मोठी खूण असते. हा सुळका चित्रात शेजारच्या डोंगरांच्या भलत्याच बाजूला दिसला तर चित्रकाराला नावे ठेवण्याची घाई करू नये. पत्र्यावर कोरलेले चित्र कागदावर उलटे उमटते, आणि कोरणाऱ्याने ते आधीच उलटे कोरून घेतले नसेल तर डावे-उजवे बदलून जाते.

झाडे आणि घरे काळाचीही साक्ष देतात. गुलमोहर हे मादागास्करचे झाड एकोणिसाव्या शतकात या किनाऱ्यावर आले, त्यामुळे पेशवाईतील म्हणून दाखवल्या जाणाऱ्या दृश्यात लालभडक गुलमोहर असेल तर त्या पेशवाईविषयी शंका घ्यावी. घरांवर नळीची कौले आहेत की चपटी मंगळुरी, हा त्याहून नेमका पुरावा आहे, कारण बासेल मिशनचा मंगळुरातील कौलांचा कारखाना १८६५ चा आहे आणि कोकणच्या घरांवर ती कौले त्यानंतरच चढली. ठाण्यापर्यंतची आगगाडी १८५३ ची, खाडी ओलांडून कल्याणपर्यंत गेलेली १८५४ ची आणि बोरघाटातून चढलेली १८६३ ची. बोरघाटाच्या दृश्यात रूळ नसले तर ते १८६३ च्या आधीचेच असे मात्र म्हणता येत नाही, कारण रम्य दृश्यात आगगाडी नको म्हणून ती गाळणारे चित्रकार होतेच. ताड आणि माड यांतील फरकही पाहण्यासारखा आहे. ताडाचे पान पंख्यासारखे, माडाचे व शिंदीचे पिसासारखे. ज्याने ही झाडे दिवसेंदिवस पाहिली त्याचा हात येथे चुकत नाही, आणि ज्याने लंडनमध्ये बसून दुसऱ्याच्या आराखड्यावरून रंगवले त्याची सगळी झाडे एकाच केरसुणीची होतात. चित्राखाली गावाचे नाव इंग्रजीत लिहिलेले असेल तर त्याच्या वर्णलेखनाकडेही लक्ष द्यावे: ठाण्याचे ‘टॅना’ आणि कल्याणचे ‘कॅलियन’ ही जुनी रूपे असून १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये गावांची नावे उच्चारानुसारी नव्या पद्धतीने लिहिलेली दिसतात.

आता शैलीकडे, म्हणजे कुळाकडे. शैली ही शिकवणुकीची खूण असते. चित्रकार काय पाहतो यापेक्षा त्याला काय पाहायला शिकवले आहे हे तिच्यात दिसते, आणि याचे सर्वांत चांगले उदाहरण ठाणे परिसराशीच निगडित आहे. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईत आला, पुण्याच्या दरबारात त्याने सवाई माधवराव व नाना फडणवीस यांचे चित्र रंगवले, साष्टी बेटावरील व वेरूळची लेणी रेखाटली आणि १७९५ मध्ये ठाण्याला त्याचा अंत झाला. मुंबई बेट व आसपासच्या प्रदेशाची त्याची बारा दृश्ये त्याच्या मृत्यूनंतर १८०० मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील शीवच्या किल्ल्यावरून दिसणाऱ्या दृश्यासारखी चित्रे पाहताना भूगोल ओळखीचा आणि हवा अनोळखी वाटते. त्या काळी इंग्लंडात ‘पिक्चरेस्क’ नावाचा एक दृष्टिकोन रूढ होता व त्याचा आदर्श सतराव्या शतकातील क्लोद लोरँ या चित्रकाराचे इटालियन देखावे हा होता: पुढचा भाग गडद, एका बाजूला रंगमंचाच्या कडेच्या पडद्यासारखे झाड, मध्ये उजळलेले पाणी किंवा माळ, आणि मागे धुरकट निळे डोंगर. त्या काळचे इंग्रज चित्रकार हा साचा भारतात आपल्या सामानाबरोबरच घेऊन आले, आणि थॉमस व विल्यम डॅनिएल या काका-पुतण्यांची भारताची दृश्येही याच मुशीतली आहेत. अशा चित्रात साष्टीचे डोंगर खरे असतात आणि उजेड इटलीचा असतो.

याच वेल्सच्या पुण्यातील वर्तुळात गंगाराम चिंतामण तांबट हा मराठी चित्रकार होता. त्याने पुण्यातील ब्रिटिश वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी वेरूळ व कार्ले येथील लेणी रेखाटली, आणि त्याची पुष्कळ कामे आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. पेशवेकालीन भित्तिचित्रांत व पोथीचित्रांत निसर्ग हा कथेची पार्श्वभूमी म्हणून येतो. क्षितिज उंचावर असते, प्रत्येक पान वेगळे मोजून काढलेले असते आणि वस्तूंची सावली जमिनीवर पडत नाही. तांबटाच्या कामात इंग्रजी यथादर्शन, म्हणजे लांबची वस्तू लहान दाखवण्याचे शास्त्र, आणि मराठी रेषेची काळजी एकत्र नांदतात. म्हणून एखाद्या चित्रात सावली आहे पण पाने एकेक मोजता येतात असे दिसले, तर ते कच्च्या हाताचे इंग्रजी चित्र समजून बाजूला टाकणे चुकीचे ठरेल. ते दोन परंपरांच्या सांध्यावर उभे असलेल्या देशी चित्रकाराचे असू शकते, आणि प्रस्तुत विषयात याहून मोलाचा शोध क्वचितच लागतो.

पुढचे कूळ शाळेचे आहे. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय १८५७ मध्ये सुरू झाले आणि तेथून पारदर्शक जलरंगाची जी परंपरा निघाली ती महाराष्ट्राच्या निसर्गचित्राची मुख्य धारा ठरली. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग वापरत नाहीत. उजेड म्हणजे कोरा ठेवलेला कागद, आणि त्यावरून रंगाचे पातळ थर एकदाच, न घोटाळता फिरवायचे असतात. सावळाराम लक्ष्मण हळदणकर, ल. ना. तासकर, एम. के. परांडेकर यांच्या कामांत नाशिक-वाईचे घाट, देवळे आणि पाण्यावरील उजेड या रीतीने येतो. बंगालच्या चित्रकारांची धुलाईची पद्धत याहून निराळी असून ती १९०३ च्या सुमारास कोलकात्यात आलेल्या जपानी चित्रकारांच्या संपर्कातून घडली. तीत रंगवलेला कागद पुन्हा पुन्हा पाण्यातून काढतात, त्यामुळे सगळे दृश्य धुक्यात बुडाल्यासारखे दिसते. मुंबईचा जलरंग दुपारचा आहे आणि बंगालचा तिन्हीसांजेचा, असे थोडक्यात म्हणता येईल. १९३० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रियाहून वॉल्टर लँगहॅमर मुंबईत आला आणि त्याच्या जाड, झगझगीत रंगलेपाचा तरुण चित्रकारांवर ठसा उमटला. तेव्हा भडक रंगांचे, सुरीने थापल्यासारखे मुंबईचे दृश्य बहुधा त्यानंतरचे.

कोल्हापूरचे कूळ याहून वेगळे. अबालाल रहिमान हा जे. जे. मध्ये शिकलेला आणि शाहू महाराजांच्या आश्रयाला असलेला चित्रकार कोटितीर्थ व पंचगंगेचा काठ लहान लहान तुटक स्पर्शांनी रंगवी. त्याच गावात आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवत होते, आणि मराठी माणसाच्या मनातील निसर्गचित्राची कल्पना घडवण्यात या पडद्यांचा वाटा कलाशाळेपेक्षा कमी नाही. जंगलाचा पडदा, बागेचा पडदा, रस्त्याचा पडदा असे ठरलेले देखावे असत. त्यात धबधबा, हंस, संगमरवरी पायऱ्या आणि लांबवर जाणारी झाडांची रांग असे. गावोगावच्या हौशी व धंदेवाईक चित्रकारांनी हेच देखावे दिवाणखान्याच्या मापात उतरवले. असे चित्र युरोपचे म्हणून विकले जाते आणि ‘युरोपचे नाही’ असे कळल्यावर टाकाऊ ठरते. दोन्ही निवाडे अन्यायाचे आहेत, कारण ते मराठी रंगभूमीच्या इतिहासाचा एक तुकडा असते.

या सगळ्या खटाटोपात सही शेवटी पाहावी. मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील, हातात दीप घेतलेल्या स्त्रीचे चित्र वर्षानुवर्षे असंख्य लोक रविवर्म्याचे तैलचित्र म्हणून सांगत आले. प्रत्यक्षात ते हळदणकरांचे असून जलरंगातले आहे आणि रविवर्मा १९०६ मध्ये वारल्यानंतर सुमारे चार दशकांनी रंगवलेले आहे. नाव मोठे असले की माध्यमही दिसेनासे होते. सही खोटी असल्याची शंका आल्यास ती अतिनील प्रकाशात पाहतात: जुने राळेचे रोगण हिरवट चमकते, आणि नंतर घातलेली सही त्या चमकीवर काळी तरंगताना दिसते. रंगद्रव्येही साल सांगतात. कृत्रिम अल्ट्रामरीन निळा १८२८ च्या सुमाराचा, धातूच्या नळीतला तयार रंग १८४१ नंतरचा, आणि टिटॅनियमचा पांढरा रंग १९२० च्या आसपासचा; मात्र ही तपासणी प्रयोगशाळेत व्हावी, घरी रंग खरवडून नव्हे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे कलासंवर्धन केंद्र या प्रकारचे काम करते.

शंभर वर्षांहून जुने चित्र १९७२ च्या पुरावस्तू व कलामूल्यवान वस्तू कायद्याखाली पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही, हेही मालकाने जाणून असावे. त्याहून निकडीची गोष्ट घरातली आहे. खाडीकाठच्या दमट हवेत चित्राला बुरशी, कसर आणि वाळवी लागते, आणि दिवाळीच्या साफसफाईत ते ओल्या फडक्याने पुसले जाते. रंगाखालचा थर पाण्याने फुगतो आणि पापुद्रे सुटतात. चौकट नवी करायला दिली की दुकानात जुनी फळी, खिळे, चिकटवलेली चिठ्ठी आणि शिक्का असलेला कापडाचा काठ, हे सगळे केराच्या टोपलीत जाते. तेव्हा ज्यांच्या घरी असे चित्र असेल त्यांनी ते भिंतीवरून उतरवून आधी त्याच्या पाठीचे छायाचित्र घ्यावे आणि जुन्या चौकटीचा एकही तुकडा टाकून देऊ नये.